सॅकमधली भाजणी

काल दुबई मरीनातल्या आमच्या स्वयंपाकघरात थालीपिठाचा खमंग वास सुटला आणि ऑस्ट्रियातलं ते जुनं गाव आठवलं. तेव्हा युरोपचा व्हिसा शिल्लक होता, ईदची सुट्टी लागली आणि "यल्ला, निघू!" म्हणत मी बायकोला सॅक भरायला लावली. वर बजावलं, "तिकडे तिकडचंच खायचं. भाजणी घ्यायची नाही." प्रागमध्ये गुलाशवर ताव मारला, पण या गावात रविवारी बेकरीपासून हॉटेलपर्यंत सगळं बंद! दुबईत रोज सगळं उघडं असायची सवय, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकोने मोज्यांत दडवलेली भाजणीची पुडी काढली. आम्ही उतरलेल्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात थालीपीठ तव्यावर पडताच तिथल्या म्हाताऱ्या मालकीणबाई वासाने आत आल्या, दोन खाल्ली आणि कृती विचारली. ती मात्र मीच ऐटीत सांगितली. बायको तेव्हा माझ्याकडे नुसती बघत राहिली. कालही थालीपीठ वाढताना तशीच बघत होती.