धन्यवाद म्हणणाऱ्या नवऱ्यासोबत लोणी काळभोर

धायरीहून लोणी काळभोर म्हणजे काही परदेश नव्हे, पण जायचं असेल तर सकाळी लवकर घर सोडा. उशीर केलात तर हडपसरला बस मुंगीच्या पावलाने सरकते. पैसे फार लागत नाहीत, सहनशक्ती लागते.

माझी आधीच संपली होती. काही दिवसांपासून आमचे हे सगळ्यांना धन्यवाद म्हणत सुटले होते. वॉचमनला, दूधवाल्याला, चक्क मला! ना दिवाळी, ना वाढदिवस. पुण्यात धन्यवाद म्हणजे 'निघा आता' असा अर्थ असतो हो! दूधवाल्याने तर विचारलं, "काका, दूध फाटलं का?" माणूस एकाएकी गोड बोलायला लागला की मला आधी आजारपण आठवतं. ह्यांनी डॉक्टरांचा कसला तरी रिपोर्ट लपवलाय, याची मला खात्रीच झाली. त्यातच म्हणाले, "रविवारी लोणीला दादाकडे जाऊन येऊ." म्हणजे निरोप घ्यायलाच की!

स्वारगेटला उतरताना कंडक्टरला धन्यवाद. तो बिचारा दचकला. "काय चुकलं का काका माझं?"

हडपसरला मिसळ खाल्ली. झणझणीत, रस्सा मागाल तितका. वेटरला धन्यवाद म्हटल्यावर मालकच गल्ल्यावरून उठून आला. "आवडली नसेल तर सरळ सांगा, टोमणे नकोत." मग मात्र माझा धीर सुटला.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले? खरं सांगा."

"कुठले डॉक्टर? मी सराव करतोय. दादाला म्हणायचंय. पण माझ्या तोंडून ते टोमण्यासारखंच निघतं गं."

दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. शाळा सोडून त्यांनी शेती धरली आणि ह्यांना पुण्यात शिकायला पाठवलं. त्यावर दोघांनी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. ऐकून हायसं वाटलं, तरी ह्यांच्या चेहऱ्यावरची माझी नजर हटेना.

लोणीत ओळखीचं घर असेल तर हायवेवरच्या ढाब्यांच्या नादी लागू नका. जाऊबाईंचं भरीत, भाकरी आणि ठेचा, अहाहा! जेवणं झाली. ह्यांनी घसा खाकरला.

"दादा, तुझ्यामुळे शिकलो. धन्यवाद."

सुपारी कातरणारा दादांचा हात थांबला. "परका झालास व्हय रं?" म्हणाले आणि तरातरा गोठ्याकडे गेले. आम्ही निघालो तरी बाहेर आले नाहीत. परतताना हे बसमध्ये कंडक्टरलाही धन्यवाद म्हणाले नाहीत. मला भयंकर वाईट वाटलं.

घरी येऊन पाय पसरले. म्हटलं, आपल्या माणसांचे आभार मानायच्या भानगडीत पडूच नये. हे अंघोळीला गेले, तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा. आवाज दबका.

"सुनंदा, खरं सांग. काय झालंय त्याला? डागदर काय म्हणला?"

"काही झालेलं नाही हो दादा. ठणठणीत आहेत."

"मग तसं का बोलला?"

"मनात होतं म्हणून."

मी फोन घेऊन बाथरूमच्या दाराशी गेले.

"बोलावू का त्यांना?"

"नगं," दादा म्हणाले. आवाज पार ओला झाला होता. "नुसतं सांग, दादानं ऐकलं म्हणावं."