टांग्याचा तांबडा घोडा
आजही रिक्षाला हात केला की मला भाट्याची पुळण आठवते. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला तिथे ओहोटीच्या ओल्या वाळूवर घोड्यांची शर्यत होती आणि मी जन्मात पहिल्यांदा पैज लावत होतो. "टांग्याच्या तांबड्यावर लाव, डोळे मिटून!" शेजारचे काका म्हणाले. ते रोज त्याच टांग्याने कचेरीत जात. स्वतः कुणावर लावलंय, ते मात्र सांगेनात. तांबडा सगळ्यांच्या पुढे होता. शेवटाला काकांनी हात उंच केला आणि घोडा, रोज सकाळी थांबायचा तसा, त्यांच्यासमोर गपकन थांबला. टांगेवाला टाचा मारत राहिला, मागचा पांढरा घोडा पुढे निघून गेला. "अरे, मी शाबासकी देत होतो त्याला!" काका म्हणाले. असेलही. पण त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून सुरमई तळल्याचा वास आला. महिनाअखेरीला सुरमई कोण आणतो, हे मी अजून स्वतःला विचारतो.