दातात धरलेला परकर

मावशी माझी सख्खी मावशी नाही. जर्सी सिटीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्याखाली दोन मजले राहते. सगळा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून काढला, आता रिटायर झालीय. मराठी मंडळाच्या गणपतीत उकडीचे मोदक ती करते आणि बाकीच्या बायकांनी केलेल्या मोदकांच्या कळ्या मोजते. मी तिची नक्कल करते. मान तिरकी करून, चष्मा नाकावर ओढून, "अगं बाई, हा मोदक आहे का मोमो?" असं म्हटलं की हॉल हसतो. आणि सगळ्यात मोठ्याने पहिल्या रांगेत बसलेली मावशीच हसते.

नकला मी फार लवकर शिकले. त्याला कारण आहे.

पाच वर्षांची असताना न्हाणीत बंबातून काढलेली कढत पाण्याची बादली मी अंगावर ओढून घेतली. डावी कंबर, अर्धं पोट आणि मांडी. जखम भरली पण कातडी तापलेल्या दुधावरच्या सायीसारखी सुरकुतून बसली ती बसलीच. आमचं तालुक्याचं गाव. घरी येणारी प्रत्येक बाई आईला दोनच प्रश्न विचारायची. पहिला, "दिसतं का गं कपड्यातून?" आणि दुसरा, "हिच्या लग्नाचं कसं?" शाळेत मी पीटीच्या बाईंची नक्कल करायला लागले, मग हेडसरांची, मग शिपाईमामांची. माणसं तोंडाकडे बघत असली की खाली बघत नाहीत, हे मला तिसरीतच कळलं होतं.

दुसरी कला परकराची. दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या बाईला ही सांगावी लागत नाही. परकर डोक्यातून घालायचा, नेफा दातात घट्ट धरायचा, आणि आतल्या आत सगळे कपडे बदलायचे. समोर सासरा, दीर, इस्त्रीवाला, कोणीही असू दे. फक्त बोलायचं नाही. अमेरिकेत येताना माझ्या बॅगेत एक जुना मरून रंगाचा परकर होता. जिमच्या लॉकर रूममध्ये सगळ्या पोरी बिनधास्त फिरायच्या, आणि कोपऱ्यात मी तंबूत.

आता एका मुलाचं. तो नागपूरचा, पार पलीकडच्या किनाऱ्यावर, सिएटलजवळ बेलव्ह्यूला नोकरी करतो. आठ महिने आमचं जमलं होतं, म्हणजे फोनवर आणि दर महिन्याला एकेका वीकेंडला. तो गोड आहे, पोह्यांत शेव जास्त घालतो एवढाच दोष. फिरायला जायचं ठरलं की जागा मी सुचवायचे, आणि मनातून मला पाण्याची ओढ, म्हणून त्यात कुठेतरी पाणी निघायचं. तळं, पूल, समुद्र. मग पोहायचे कपडे आठवायचे आणि मी कॅन्सल करायचे. दोनदा केलं. जूनमध्ये तिसऱ्यांदा केलं आणि ठरवलं की आता हा मुलगाच कॅन्सल करायचा. पोटावर काय आहे हे सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

हे मी मावशीला सांगितलं ते विमान कंपनीच्या बाईच्या आवाजात. "आपका बॉयफ्रेंड सफलतापूर्वक रद्द कर दिया गया है."

मावशी हसली नाही. लाटणं खाली ठेवून म्हणाली, "आता तुझ्या आवाजात सांग."

सांगितलं. सगळं. बादलीपासून.

तिने पोळी उलटली, शेकली, माझ्या ताटात टाकली. "शनिवारी सकाळी सातला खाली ये. मोठा टॉवेल आण."

कुठे जायचंय ते पुलावर गाडी आल्यावर कळलं, म्हणजे उतरायची सोय नसताना.

"मावशी, बीचवर नागडी माणसं?"

"ज्यांना व्हायचंय ती. सक्ती नाही."

"तू किती वर्षं जातेस?"

"बारा. मंडळात बोललीस तर बघ. मागे डबा आहे, थालीपीठ कलंडेल, धर नीट."

बीच दिसायला अगदीच साधा निघाला. छत्र्या, कूलर, पलीकडे धुरकट मॅनहॅटन. एक आजोबा फक्त टोपी आणि पायमोजे घालून पेपर वाचत होते. पायमोजे का, हे मला अजून कळलेलं नाही. सगळ्या आकारांची माणसं होती, लोंबणारी, फुगलेली, वाळलेली, टाके घातलेली. दहा मिनिटं मी वाळूकडे बघत चालले. अकराव्या मिनिटाला कंटाळा आला. नागडी माणसं बघायला इतकी कंटाळवाणी असतात हे कोणी आधी सांगितलं असतं, तर माझं बरंच आयुष्य वाचलं असतं.

मावशीने चादर अंथरली, कुर्ता काढून घडी घातली आणि उभी राहिली. तिचं ऑपरेशन झालंय हे माहीत होतं. बघितलं नव्हतं. एका बाजूला छाती, दुसऱ्या बाजूला एक आडवी रेघ.

"बघ, बघायचं तेवढं बघून घे," ती म्हणाली. "मग खाऊन घेऊ."

आता माझी पाळी. आणि मी काय केलं? पिशवीतून परकर काढला. खरंच. नागडं व्हायला मी परकर घातला. डोक्यातून घेतला, नेफा दातात धरला आणि आतल्या आत एकेक कपडा उतरवायला लागले. एका पायावर नाचत, वाऱ्याने परकराचा फुगा झालेला. वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतात. सगळं उतरवून झालं आणि मग लक्षात आलं की पुढे काहीच घालायचं नाहीये. बीचभर उघडी माणसं, आणि त्यांच्यात मी एकटी मरून रंगाचा घुमट.

शेजारी एक म्हातारी अमेरिकन बाई शब्दकोडं सोडवत बसली होती. अंगावर पेन्सिलीशिवाय काही नाही. तिने काळजीने मावशीला विचारलं, हिला काही मदत हवी आहे का?

"नो नो. शी इज चेंजिंग," मावशी म्हणाली.

"इन्टू व्हॉट?"

मला उत्तर द्यायचं होतं, पण दातात नेफा. "म्म्म्! म्म्म्!"

तेव्हा मावशीने आपला टॉवेल उचलला, टोक दातात धरलं, डोळे वटारले, आणि एका पायावर उड्या मारत माझ्याकडे बघून, "म्म्म्! म्म्म्!" हुबेहूब. माझी ती खांदे वर ओढायची लकब, कोपरं फेकायची पद्धत, सगळं. आजवर मी गावाची नक्कल केली, शाळेची केली, मंडळाची केली. माझी कोणी केली नव्हती.

मला हसू आलं. हसायला तोंड उघडावं लागतं. परकर खाली.

मी तशीच उभी. वारा थेट त्या सायीसारख्या कातडीवर लागला, गार. कोणी "च् च्" केलं नाही. आजोबांनी पेपरचं पान उलटलं. म्हाताऱ्या बाईने माझ्या कमरेकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाली की तिथे क्रीम जास्त लाव, भाजलेली कातडी लवकर रापते, माझ्या नवऱ्याच्या पाठीला होतं तसं. आणि परत कोड्यात शिरली.

मावशीने मला क्रीम चोळलं, दिवाळीच्या पहाटे तेल चोळतात तसं, हाडं मोडेपर्यंत. डाग आला तिथेही हात तसाच गेला, हलका नाही झाला.

मग पाण्यात गेलो. कमरेपर्यंतच. लाट आली की पोटावर आपटायची आणि मी किंचाळायचे, माझ्याच आवाजात. थालीपीठात वाळू गेली होती. तरी चार खाल्ली.

पार्किंगमधून मी त्याला फोन लावला. विमानवाल्या बाईचा आवाज काढावासा वाटला, नाही काढला. "ऐक, तिन्ही वेळा मी कॅन्सल केलं त्याचं कारण खोटं होतं," म्हटलं आणि बादलीपासून सांगितलं. सांगताना हात कमरेवर होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दुखतं का अजून?"

"नाही."

"अन् पाण्यात जायचं आहे तुला?"

"आत्ताच जाऊन आले."

"अरे यार." मोठा श्वास. "मला पोहता येत नाही. तलावाच्या काठी उभा राहिलो तरी चक्कर येते. तू कॅन्सल करायची ना, मी तिन्ही वेळा खुशीत घरी तर्री-पोहे केले."

गाडीत मावशी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. माझ्या सीटवर तिने तो परकर अंथरला होता, वाळू लागू नये म्हणून.

"काय म्हणतोय?"

"बुडतो म्हणतोय."

"मग कमरेपर्यंतच ने," मावशी म्हणाली. "बस आता, पाय झटकून बस."