शैलाचा पहाटेचा हट्ट

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत शैलाची ख्याती होती ती तिच्या शिस्तीची. "पहाटेचं पाठांतर माणूस जन्मात विसरत नाही," हे तिचं पालुपद. साताऱ्यात ती तशीच शिकली, इंजिनिअर झाली, अमेरिकेत आली. मग लेकीलाही तोच कित्ता! फक्त एक गोष्ट बाई सोयीस्कर विसरली. साताऱ्यात ती दिवेलागणीनंतर जेवायची आणि लगेच आडवी व्हायची. तिची वल्लरी मात्र स्विमिंग, ऑर्केस्ट्रा आणि ढीगभर होमवर्क आटपून अंथरुणाला पाठ टेकायची, तेव्हा अख्खं घर घोरत असायचं.

तरी रोज पहाटे शैला यायची, दिवा लावायची आणि खसकन पांघरूण ओढायची.

"आई, प्लीज, फाइव्ह मिनिट्स."

"झोपतो त्याचं नशीबही झोपतं! ऊठ."

पोरगी उठायची. गुणी होती हो, उलटून बोलायची नाही. टेबलाशी डुलक्या काढत, कॉफी ढोसत केमिस्ट्री वाचायची. तिचा बाबा, देवदत्त, म्हणायचा, "अगं, झोपू दे की जरा."

"तुम्ही लाडावून ठेवा नुसतं!" शैला फणकारायची. की संपला विषय.

त्या दिवशी टेस्ट होती. वल्लरी दारातच घुटमळली. "आई, आज तू शाळेत सोड ना. आय ॲम सो टायर्ड."

शैलाची मीटिंग होती. "मग लायसन्स कशाला काढलंय?" म्हणत तिनं किल्ली लेकीच्या हातात कोंबली.

शाळेच्या अलीकडच्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ झाडावर गेली. रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा नव्हती. पोर स्टिअरिंगवरच झोपली होती.

फ्युनरल होममध्ये सगळे जमले. देवदत्त शवपेटीच्या कडेवर डोकं आपटत हंबरडा फोडत होता, "वल्लू, ऊठ गं! एकदा ऊठ!" शैलाचं काळीज फाटलं होतं, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. ती किल्ली, ते ओढलेलं पांघरूण, याखेरीज तिला काही दिसतच नव्हतं. ती पुढे झाली. लेकीच्या अंगावरची शाल घसरली होती. ती तिनं हनुवटीपर्यंत वर घेतली आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचली. मग नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला.

"अहो, हळू," ती म्हणाली. "उठवू नका. झोपू द्या तिला."