चार मिनिटं आधी

मार्तंड पराते विणकराच्या घरातला. हातमाग सोडून त्याने नागपूरच्या लकडगंजात घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि बारा वर्षांत असं नाव कमावलं की लग्नाआधी भटजी आपलं घड्याळ त्याच्याकडे जुळवून नेत. म्हणून १९७८ साली आमच्या क्लबने नागपूर ते भिवापूर स्कूटर रॅली ठेवली, तेव्हा भिवापूरच्या नाक्यावर वेळ पाहायला त्यालाच बसवलं. शेजारी नोंदवही घेऊन मी.

ही शर्यत आधी पोचण्याची नव्हती. प्रत्येकाला पोचायची वेळ ठरवून दिली होती. उशीर झाला तर मिनिटाला एक गुण दंड. लवकर आला तर दोन, म्हणजे कोणी भरधाव सुटू नये. पण बैलांच्या शंकरपटात वाढलेली आमची माणसं. जो पुढे तो जिंकला, एवढंच त्यांना ठाऊक.

लकडगंजचे लाकडाचे व्यापारी गणपतराव, त्यांचा मुलगा रविंद्र चार मिनिटं आधी आला. बाकीचे नाक्याच्या अलीकडे घड्याळ बघत थांबले होते. लोकांनी रविंद्रला खांद्यावर घेतलं. मार्तंड मला म्हणाला, "लिहा. आठ गुण दंड."

मग गलका उसळला.

"काहून गा मार्तंडा, लवकर येनं गुन्हा हाय का?"

"रस्त्यात झोपा काढनाऱ्याले बक्षीस देतं का बे?"

गणपतरावांनी त्याला बाजूला घेतलं. "तुही घडी चार मिनटं मागं होती, असं सांगून टाक. झालं!"

"काकाजी, तसं म्हटलं तर वेळेवर आलेले सतरा जण चार मिनटं उशिरा धरा लागते. एकाचा दंड सतरा जनाइवर टाकू?"

"हिशोब मले नको शिकवू. दुकान लकडगंजात हाय तुहं."

रविंद्र हरला. आठवडाभरात 'मार्तंडची घडीच खराब' ही गोष्ट बाजारभर झाली, आणि दुकानात येणं लोकांनी सोडलं. त्याची बायको प्रेमिला म्हणाली, "एक वाक्य बोलले असते तं काय बिघडलं असतं?"

"मंग घडी खराब हाय, हे म्याच सांगितलं असतं ना वं."

नियम मला पाठ होते. त्या गलक्यात उभं राहून दोन वाक्यं सांगणं माझं काम होतं. गणपतरावांशी आमचा घरोबा. मी मान खाली घालून वही लिहीत राहिलो.

पुढच्या वर्षी क्लबने मार्तंडला पुन्हा बोलावलं. त्याने एकच अट घातली: पहिली गाडी येण्याआधी नियम लोकांना मोठ्याने वाचून दाखवायचा. मी वाचला, कारणासकट. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "बराबर हाय. पन साहेब, हे मांगच्या साली काहून नाही सांगितलं?"

मी पुन्हा मान खाली घालून वही उघडली.

हळूहळू गिऱ्हाईक परतलं. गणपतराव मात्र शेवटपर्यंत आपलं घड्याळ इतवारीतल्या दुसऱ्या दुकानात नेत राहिले. माझ्याशी त्यांचा घरोबा तसाच राहिला.