अक्काला माफ करायला निघाले

रोह्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी प्रभूची प्रार्थना सगळे मोठ्याने म्हणतात. मीही म्हणायचे, पण दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली की माझं तोंड आपोआप मिटायचं. देवासमोर तरी खोटं कशाला बोला? थोरल्या बहिणीला, अक्काला, मी माफ केलं नव्हतं. लग्नानंतर मी बाप्तिस्मा घेतला, त्यावरून तिचं-माझं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्यानंतर मी पेणला, माहेरी, पाऊल टाकलं नाही. पुढे आई गेली, तर अक्काने मला कळवलंसुद्धा नाही. आईचं शेवटचं तोंड मला दिसलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, अशा आम्ही दोघी बहिणी.

नवरा गेल्यावर तर घर खायला उठायचं. वाटीभर भात रांधायचा, तोही उरायचा. उपासना संपली की लोक आपापल्या माणसांबरोबर पांगायचे आणि मी किल्ली चाचपत एकटी घरी यायचे. ज्या देवाने माझी पापं धुतली म्हणतात, तो माझ्याशी एक शब्दही का बोलत नाही, असं मनात येई. आणि मग त्याचाही राग येई.

गेल्या थंडीत पेणच्या रामवाडीहून अक्काच्या शेजारणीचा फोन आला. अक्का पडली होती, खुबा मोडला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी निघाले. पण खरं सांगते, मायेने नाही निघाले. "मी ख्रिस्ताची आहे, म्हणून तुला माफ करते," हे वाक्य मी गाडीत घोकत होते. काय तो तोरा! निडी स्टेशन आलं आणि माझा धीरच सुटला. तिने दारातूनच हाकललं तर? मी सरळ खाली उतरले आणि बाकावर बसून रडू लागले. गाडी मात्र सुटेना. मालगाडीला वाट द्यायची होती म्हणे. डब्याच्या दारात वालाच्या शेंगांची पाटी घेऊन एक बाई बसली होती, ती मला न्याहाळत होती.

"काय झालं गो बाय? कुठं जायचं हाय?"

"पेणला. बहीण आजारी आहे."

"मग हितं काय करतेस? चढ वर. गाडी काय रोज अशी थांबत नाय!"

तिने हात धरून मला वर ओढलं आणि गाडी हलली. ती कोण, कुठली, मी विचारलंही नाही. योगायोग म्हणायचं तर म्हणा, मी भांडणार नाही.

अक्का खाटेवर होती, वाळून काडी झालेली. मी घोकलेलं वाक्य काढणार, तोच म्हणाली, "आलीस व्हय? जेवलीस का?"

ते वाक्य गेलंच कुठेतरी. मी एवढंच म्हटलं, "अक्का, आईचं मला कळवलं नाहीस गं."

"नाय कळवलं. राग होता. आय अंथरुणात पडल्या पडल्या रोज तुझं नाव घ्यायची. एकदा तरी आलीस? तिचं सगळं मी एकटीनं काढलं." तिला धाप लागली. मग हळू म्हणाली, "कळवलं नाय ती माझी चूक, आली नायस ती तुझी. तुझी मी कवाच सोडून दिली गो. माझी तू बघ."

अरे देवा! माहेर मी श्रद्धेपायी सोडलं, असंच मी स्वतःला सांगत आले होते. पण प्रभूने मला आईकडे जायला कधी मना केलं होतं? आडवा आला तो माझा ताठा. अक्काच्या उशाशी डोकं टेकून मी ढसाढसा रडले. "प्रभू, मला क्षमा कर," एवढंच तोंडून निघालं, आणि अक्काला माफ करायचं वेगळं असं काही उरलंच नाही. शरण जाणं म्हणजे काय, ते मला त्या खाटेपाशी कळलं. देण्यासारखं आपल्याजवळ काही नाही, हे कबूल करायचं, बस.

आजही मी रोह्यात एकटीच राहते. अक्का माझ्या प्रभूला मानत नाही, टोमणेही मारते. पण त्याची क्षमा मी पहिल्यांदा ऐकली, ती तिच्याच तोंडून.