रक्तपेढीचा स्वतःचा पत्ता

रक्तपेढीत तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण तिचा धाकटा दीर तिथेच गाडी चालवायचा. ती स्वतः तिथलं नेटवर्क सांभाळायची. गावोगावच्या दवाखान्यांत रक्ताचे फ्रीज होते आणि त्यांना लावलेली यंत्रं इंटरनेटवरून तापमान रक्तपेढीला कळवत. कुठे कळवायचं तो पत्ता, म्हणजे एक लांबलचक आकडा, प्रत्येक यंत्रात भरलेला असे. हा पत्ता रक्तपेढीचा नव्हताच. इंटरनेट कंपनीकडून उसना मिळालेला.

मागे एकदा कंपनी बदलली, तेव्हा पत्ताही बदलला आणि जुनी लाईन लगेच तोडली गेली. वहिनी आणि दीर गाडी घेऊन दवाखाने पालथे घालत सुटले. टेकडीवरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिथला फ्रीज बंद पडून रक्त नासलं होतं. यंत्र बिचारं एकसारखं बोंबलत होतं, पण जुन्या पत्त्यावर. तिथे ऐकायला कोणीच नव्हतं. रक्तस्राव होत असलेल्या एका बाळंतिणीला तशाच अवस्थेत शहरात हलवावं लागलं. ती वाचली. वहिनीच्या मनात मात्र तो राग घर करून राहिला.

आता या कंपनीची लाईनही ऊठसूट मान टाकायला लागली. तक्रार केली तर तिथला माणूस फोनवर चक्क हसला. "जा की खुशाल दुसरीकडे. पत्ते मात्र आमचे, ते इथेच राहतील. फिरा परत दारोदार."

वहिनीचं डोकंच फिरलं. "म्हणजे सेवा धड द्यायची नाही आणि मानगूटही सोडायची नाही! लोकांच्या जिवाशी खेळ लावलाय का?" फोन आदळून ती तशीच तणतणत मॅनेजरांच्या खोलीत शिरली. "साहेब, आपल्याला रक्तपेढीच्या नावावर पत्ते घ्यायचेत. ते वाटणारी संस्था असते, तिच्याकडून थेट. मग कंपनी कुठलीही येवो, पत्ता आपलाच राहील."

"अहो वहिनी, कशाला नसती उठाठेव? यांनाच जरा गोडीत घेऊन..."

"उठाठेव? मग पुढच्या बाळंतिणीच्या नवऱ्याला तुम्हीच समजवा. मी जाणार नाही."

मॅनेजरांनी होकार दिला.

पत्ते मिळाले. नवीन कंपनीने ते आपल्या लाईनवरून चालवायचं कबूल केलं. या वेळी वहिनीने जुनी लाईन कोणाला तोडू दिली नाही. दोन्ही चालू ठेवून एकेक फ्रीज नव्या पत्त्यावर आणला.

"वहिनी, गाडीच्या आधी माझं कंबरडं मोडणार," दीर कुरकुरला.

"मोडू दे. पण ही शेवटची फेरी."

आणि ती शेवटचीच ठरली. पुढे ही कंपनीही मुजोरी करू लागली, तेव्हा वहिनीने आणखी एक गाठली. आधी तिची लाईन जोडली, पत्ते तिच्यावर वळवले आणि मगच जुनीला रामराम ठोकला. फ्रीज आपलं तापमान कळवत राहिले. दवाखान्यांना कशाचा पत्ताही लागला नाही.

मॅनेजर खुशीत येऊन म्हणाले, "वहिनी, तुमचा सत्कारच करायला हवा!"

"सत्कार कसला?" ती कडाडली. "हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. का झालं नाही, तेवढं सांगा."